‘घरचा शॉक किरकोळ, पोलावरचा जीवघेणा’: या समजाचा प्रतिवाद

उन्हाळ्यात कुलर बाहेर निघाले किंवा पहिल्या पावसानं शेतातल्या मोटारी भिजल्या, की एक मजकूर हमखास मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: घरातली लाइट २३० व्होल्टची, ती झटका देऊन सोडते, माणूस मरतो तो हाय व्होल्टेजच्या तारेनं. जखम छोटी असेल, माणूस बोलत-चालत असेल तर दवाखान्याची गरज नाही. बेशुद्ध असेल तर हातपाय चोळावेत, ओल्या मातीत किंवा वाळूत गळ्यापर्यंत पुरावं, म्हणजे करंट जमिनीत उतरतो. घरात एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) असेल तर काळजीच नाही. पायात रबरी चप्पल आणि हातात कोरडी काठी असली की कुठल्याही तारेवरून माणूस सोडवता येतो. आणि शेवटी पुरावा म्हणून एक वाक्य असतं: मोठ्या हॉस्पिटलांच्या नोंदींमध्येही हाय व्होल्टेजचेच रुग्ण जास्त गंभीर असतात.

हे शेवटचं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या जोरावरच आधीची सगळी वाक्यं पटतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

‘हॉस्पिटलच्या नोंदी सांगतात, हाय व्होल्टेजच धोक्याचं’

वैद्यकात १००० व्होल्ट ही सीमा धरतात. घरातले २३० आणि शेतपंपाच्या थ्री फेजचे ४१५ व्होल्ट हे दोन्ही लो व्होल्टेजमध्ये मोडतात. पोलांवरून जाणारी ११, २२ किंवा ३३ हजारांची लाइन आणि रेल्वेची २५ हजारांची तार हाय व्होल्टेजमध्ये. भाजलेल्यांच्या वॉर्डात या दोन गटांची तुलना केली की चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच निघतं. हाय व्होल्टेजच्या रुग्णाचा मुक्काम लांबतो, ऑपरेशनं जास्त होतात, हात किंवा पाय कापावा लागण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, मूत्रपिंडांवरचं संकटही त्यांच्यातच जास्त. लो व्होल्टेजचे बरेच जण बोटावरची एखादी जखम घेऊन येतात आणि थोड्या दिवसांत घरी जातात.

पण वॉर्डात पोचतं कोण? जो जिवंत राहिला तो. कुलरला हात लागून ज्याचं हृदय जागच्या जागी थांबलं, त्याचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये त्याची ओळच नसते. म्हणजे ही तुलना जगलेल्यांची जगलेल्यांशी आहे. जगलेल्याचं पुढे काय होतं, हे तिच्यावरून कळतं. कोणता शॉक जास्त माणसं मारतो, हे तिच्यावरून कळूच शकत नाही. भारतात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसं मरतात. कपडे वाळत घालायची लोखंडी तार, पत्र्याचा कुलर, ओली मोटर, पाणी तापवायचा रॉड ही जिथं माणसं मरतात ती ठिकाणं आठवून पाहा. ही सगळी लो व्होल्टेजचीच ठिकाणं आहेत.

रुग्णाची माहिती घेतानाही इथंच घोळ होतो. ‘डीपीवर शॉक लागला’ असं नातेवाईक सांगतात आणि केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. पण डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ११ हजार व्होल्ट येतात आणि ४३३ उतरतात. खालच्या पेटीतलं किटकॅट (फ्यूज) बदलताना लागलेला शॉक लो व्होल्टेजचा. वरच्या डीओ फ्यूजशी (११ हजारांच्या लाइनचा फ्यूज) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगशी (तार जोडायचं चिनी मातीचं टोक) लागलेला हाय व्होल्टेजचा. दोन्ही रुग्णांचा पुढचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. म्हणून ‘किती व्होल्ट?’ असं विचारू नये, ते बहुतेकांना माहीत नसतं. ‘हात नेमका कुठं लागला, पेटीत की वर?’, ‘तारेला चिकटून राहिला की फेकला गेला?’, ‘किती उंचीवरून पडला?’, ‘मध्ये शुद्ध गेली होती का?’ असे प्रश्न विचारावेत. १९५६ च्या वीज नियमांत २५० व्होल्टपर्यंत लो, ६५० पर्यंत मीडियम आणि त्यापुढे ३३ हजारांपर्यंत हाय अशी विभागणी होती. वायरमनच्या तोंडचा ‘हाय’ आणि डॉक्टरच्या तोंडचा ‘हाय’ त्यामुळे वेगळा असू शकतो.

‘२३० व्होल्ट झटका देऊन सोडतात’

जीव किती धोक्यात आहे ते शरीरातून किती करंट, कुठल्या वाटेनं आणि किती वेळ गेला यावर ठरतं. ५० हर्ट्झच्या एसी करंटचे, म्हणजे घरात येणाऱ्या दिशा बदलत्या करंटचे, आकडे साधारण असे: १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू असे आकसतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं घेऊन ही ‘सुटण्याची मर्यादा’ ठरवली. पुरुषांत ती सरासरी १६, स्त्रियांत १० च्या जवळ निघाली. २० ते ५० मिलिअँपिअरला छातीचे स्नायू जखडतात आणि श्वास अडतो. ५० ते १०० च्या टप्प्यात हृदयाचे ठोके जाऊन त्याची नुसती थरथर उरते. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. त्या थरथरीतून रक्त पुढे ढकललं जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो.

आता हिशेब करा. ओल्या हाताचा, ओल्या पायाचा माणूस म्हणजे साधारण १००० ओहमचा रोध. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर, हृदय थांबवायला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. हात कोरडा असला तरी पाइप किंवा हँडल पूर्ण मुठीत घट्ट धरलेलं असेल तर २३० व्होल्टला कातडीचा रोध टिकत नाही, एकूण रोध हजार-दोन हजार ओहमवर येतो. बटणाला बोट लागून झटका बसला आणि काही झालं नाही, हा अनुभव घरोघरी आहे. त्यात वाचवलं ते पायातल्या चपलेनं, कोरड्या फरशीनं आणि बोटाच्या टोकाएवढ्या स्पर्शानं. व्होल्टेज कमी होतं म्हणून कुणी वाचलं नाही.

‘झटका देऊन सोडते’ हे तर बरेचदा उलटं असतं. हाताची बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान आहेत. दोन्ही एकदम आकसले की मूठ मिटते आणि तार मुठीत राहते. संपर्क हृदयाच्या एका ठोक्याच्या वेळेपेक्षा, म्हणजे पाऊण-एक सेकंदापेक्षा, जास्त टिकला की हृदय बिघडवायला लागणारा करंट झपाट्यानं खाली येतो. हाय व्होल्टेजला माणूस पुष्कळदा एका जबरदस्त आकडीनं दूर फेकला जातो. घरच्या करंटला तो चिकटून राहतो.

एक नेहमीचं दृश्य घ्या. पत्र्याच्या घरावरून सर्व्हिस वायर गेली आहे. वाऱ्यानं घासून तिचं आवरण एका जागी गेलं आहे आणि तिथं ती पत्र्याला टेकली आहे. त्या पत्र्याच्या अँगललाच कपडे वाळत घालायची तार बांधलेली आहे. बाई अनवाणी, अंगण ओलं, हातात पिळलेली साडी. तारेला हात लागला आणि ती तिथंच ताठ झाली. नवरा धावतो, तिचा दंड धरतो, तोही चिकटतो. दोघांच्याही अंगावर भाजल्याची खूण जेमतेम शेंगदाण्याएवढी, किंवा तीही नाही.

खूण का नसते? उष्णता करंटच्या वर्गावर (करंट गुणिले करंट) अवलंबून असते. वरच्या हिशेबात २३० व्होल्टला शरीरात तयार होणारी उष्णता ५३ वॅट निघते, जुन्या ६० च्या बल्बपेक्षाही कमी. ११ हजारांच्या लाइनमध्ये एका तारेचा जमिनीशी फरक सुमारे ६३५० व्होल्ट. त्याच १००० ओहमला करंट ६ अँपिअरच्या वर आणि उष्णता ४० किलोवॅट. एवढी उष्णता १ लिटर पाण्याचं तापमान दर सेकंदाला सुमारे साडेनऊ अंशांनी चढवते. हाय आणि लो व्होल्टेजच्या रुग्णांमधला सगळा फरक या दोन आकड्यांत आहे. एक शिजवतो, दुसरा हृदयाची लय तोडतो. शिजलेला हात वॉर्डात दिसतो. तुटलेली लय शवविच्छेदनातही डोळ्यांना दिसत नाही.

‘जखम छोटी म्हणजे इजा छोटी’

लो व्होल्टेजला ही समजूत काही वेळा चालून जाते. हाय व्होल्टेजला ती हात घालवते, मूत्रपिंड घालवते.

आधी शब्द नीट करू. ‘करंट इथून शिरला, तिथून बाहेर पडला’ असं म्हणतात. एसी करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, त्याला शिरण्याची आणि निघण्याची वेगळी जागा नसते. दोन्ही संपर्काच्या जागा. त्यांच्यामध्ये जे जे आलं ते सगळं संशयित धरायचं, वरची कातडी कितीही चांगली दिसत असली तरी. हाडाचा रोध सगळ्यात जास्त, म्हणून हाड तापतं आणि तापलेलंच राहतं. त्याला लागून असलेले खोल स्नायू शिजतात आणि वरचे लालसर, जिवंत दिसतात. मनगट आणि घोटा इथं जागा अरुंद, स्नायू कमी, हाडं आणि स्नायुरज्जू जास्त. तिथं उष्णता दाटते. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग आणि मनगटापासून कोपरापर्यंत आतून मेलेला स्नायू, असं हाय व्होल्टेजमध्ये नेहमी आढळतं.

पहिल्या काही तासांत काय पाहायचं? बोटं आत वळलेली, मनगट वाकलेलं. बोटं हलकेच सरळ केली तर रुग्ण ओरडतो. पोटरी किंवा हात दाबला तर लाकडासारखा टणक. जखमेच्या मानानं दुखणं कितीतरी जास्त. स्नायूंभोवतीचं आवरण ताणत नाही, आत सूज वाढत जाते आणि रक्तपुरवठा कोंडतो. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. इथं सगळ्यात मोठी फसगत नाडीची होते. मनगटाची नाडी लागते म्हणून ‘रक्तपुरवठा ठीक आहे’ असं लिहिलं जातं. नाडी सगळ्यात शेवटी जाते, तोवर स्नायू मेलेला असतो. आतला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या वर गेला किंवा लक्षणं स्पष्ट असली तर फॅशिऑटॉमी करावी लागते, म्हणजे आवरणाला लांब चीर देऊन स्नायू मोकळा करायचा. हातात मनगटाची कार्पल टनेल, म्हणजे नस आणि स्नायुरज्जू जातात तो अरुंद बोगदा, तीही उघडावी लागते आणि खोलवरचे स्नायू, विशेषतः मनगटाजवळचा प्रोनेटर क्वाड्रेटस, डोळ्यांनी पाहावे लागतात. वरचा थर उघडून थांबलं तर मेलेला थर आतच राहतो. कोंडलेल्या स्नायूच्या हातात साधारण ६ तास असतात. तालुक्याच्या ठिकाणी ड्रेसिंग करून ‘उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात जा’ म्हटलं की हे तास संपतात.

म्हणून अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचे दोरे-गंडे लगेच काढा. पट्टी घट्ट बांधू नका. हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. सूज उतरेल म्हणून उंच टांगला तर कोंडलेल्या स्नायूत रक्त आणखी कमी पोचतं.

दुसरी गोष्ट लघवी. मेलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन हे लाल प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतं. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी किंवा कोलासारखी होते. लघवी तपासायच्या कागदी पट्टीवर तपासली तर रक्त दाखवते, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी नसतात. इथं सलाइनचा नेहमीचा हिशेब दगा देतो, कारण तो भाजलेल्या कातडीच्या टक्क्यांवर चालतो: दर किलो वजनाला, दर टक्क्याला ४ मिलिलिटर. ६० किलोच्या माणसाची ५ टक्के कातडी भाजली असेल तर ४ गुणिले ६० गुणिले ५, म्हणजे २४ तासांत १२०० मिलिलिटर. पण काळपट लघवी असलेल्या प्रौढ रुग्णाला तासाला ७५ ते १०० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. १०० धरली तर २४ तासांत २४०० मिलिलिटर नुसती लघवीच झाली. म्हणून कॅथेटर (लघवीची नळी) टाकून दर तासाला लघवी मोजायची आणि रिंगर लॅक्टेट या सलाइनचा वेग तिच्यावर ठरवायचा, रंग निवळेपर्यंत. सोबत पोटॅशियमवर लक्ष. मेलेला स्नायू ते रक्तात सोडतो आणि त्यानंही हृदय बंद पडू शकतं.

मेलेला स्नायू पहिल्याच दिवशी पूर्ण ओळखू येत नाही. दोन-तीन दिवसांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पाहावं लागतं, कधी त्यानंतरही. ‘एकदा साफ केलं होतं ना, मग परत का कापता?’ असं नातेवाइकांना वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवलं तर डॉक्टरांवरचा विश्वास टिकतो. आणि पोलावरून पडलेल्या माणसाच्या जळक्या हाताकडेच सगळे पाहत राहतात. मान, पाठीचा कणा आणि खांदा तपासायचा राहून जातो. आकडीच्या जोरानं खांदा मागच्या बाजूला निखळतो आणि साध्या समोरच्या एक्स-रेत तो सहज निसटतो.

‘बोलतोय, चालतोय, मग दवाखाना कशाला?’

इथं दोन टोकं दिसतात आणि दोन्ही चूक आहेत. एकीकडे कुणालाच नेत नाहीत, दुसरीकडे घरच्या साध्या झटक्यानंतरही ‘२४ तास आयसीयूत ठेवा, हृदय उशिरा थांबतं’ म्हणून घबराट. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होतं ते शॉकच्या क्षणी. घरच्या करंटचा धक्का, शुद्ध गेली नव्हती, छातीत दुखत नाही, धडधड नाही, ईसीजी सरळ, भाजलेलं नाही, अशा प्रौढाला सहसा घरी पाठवता येतं. पण तो ईसीजी काढावा लागतो, आणि ते घरी होत नाही.

थांबवून मॉनिटरवर ठेवायचं ते यांना: हाय व्होल्टेजचा संपर्क, शुद्ध हरपलेली, ईसीजीत बदल, छातीत दुखणं, आकडी, किंवा वाटेत सीपीआर (छातीवर दाब) द्यावा लागलेला. करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेला असेल तर वाट छातीतून जाते, हेही सांगावं. गरोदर बाई स्वतः ठणठणीत असली तरी बाळाचे ठोके तपासल्याशिवाय परत नेऊ नका. तपासण्यांत सीके-एमबी (हृदयाच्या इजेसाठी रक्तात मोजतात ते द्रव्य) वाढलेलं दिसलं म्हणून हृदयविकार ठरवू नये, इजा झालेल्या हाताच्या स्नायूतूनही ते वाढतं.

‘हातपाय चोळा, मातीत पुरा’

शरीर बॅटरीसारखं करंट साठवत नाही. तार सुटली त्या क्षणी करंट संपला. उतरवण्यासारखं आत काही उरत नाही. सुटलेल्या माणसाला हात लावायला भिण्याचंही कारण नाही. मातीत पुरण्यानं एवढंच होतं की ज्या छातीवर दाब द्यायला हवा तीच झाकली जाते. लय तुटलेल्या हृदयाला मशीननं धक्का देऊन परत आणण्याची शक्यता, सीपीआर नसेल तर, दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. खड्डा खणायला दहा मिनिटं सहज जातात. एवढी धडधाकट, तरुण माणसं या खड्ड्यापायी जातात, याचं अतोनात वाईट वाटतं.

छातीवर दाब देण्याची ही पद्धत विजेच्या अपघातांमुळेच जन्माला आली आहे. लाइनवर काम करणारी माणसं फिब्रिलेशननं मरत होती, म्हणून अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवन हे मुळात विद्युत अभियंते. त्यांनी गाय निकरबॉकर आणि जेम्स ज्यूड यांच्यासोबत बंद छातीवर दाब देण्याची पद्धत १९६० साली प्रसिद्ध केली. ती आज जगभर शिकवली जाते.

करायचं असं. आधी मेन स्विच बंद. मग खांदे हलवून हाक मारा, १० सेकंदांच्या आत श्वास बघा. मधूनच घशातून घरघर किंवा आचका येत असेल तर तो श्वास धरू नका. ‘जीव आहे अजून’ म्हणून इथंच वेळ जातो. एकानं १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं सुरू करावं. माणूस कडक जमिनीवर उताणा, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेला माणूस असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. विजेच्या धक्क्यात श्वासाचं केंद्र हृदयापेक्षा उशिरा सावरू शकतं, म्हणून हे श्वास मोलाचे. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि देणाऱ्याला ते कळत नाही. एईडी, म्हणजे हृदयाला धक्का देणारं आपोआप चालणारं मशीन, मिळालं तर लगेच लावा.

भाजलेल्या जागेवर, करंट बंद झाल्यावर, २० मिनिटं वाहतं साधं पाणी. हळद, टूथपेस्ट, शेण, शाई काही नको.

‘एमसीबी आहे ना’

१६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. माणसाच्या अंगातून जातात ०.२३ अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीनं तो माणूस म्हणजे एक छोटा बल्ब. एमसीबी बसवलेली असते ती वायर जळू नये म्हणून.

माणसासाठी आहे आरसीसीबी. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही तिच्यातल्या एका कड्यातून जातात. गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसेल, म्हणजे काही भाग कुणाच्या अंगातून जमिनीत जात असेल, तर ती पडते. घ्यायची ३० मिलिअँपिअरची. १०० किंवा ३०० ची आगीपासून संरक्षणासाठी असते, माणसाला ती पुरत नाही. अंगातून २३० मिलिअँपिअर वाहत असतील तर ३० ची आरसीसीबी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, एका ठोक्याच्या आतच, सप्लाय तोडते. तिच्यावरचं टी लिहिलेलं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडली नाही तर बदलायची. ती ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर तिला काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते असं. घरात कुठंतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेलं असतं किंवा गिझरची कॉइल गळत असते. आरसीसीबी सारखी पडते, मग कुणीतरी ती बायपास करून देतो आणि लाइट सुरळीत होते. पडणारी आरसीसीबी गळती कुठं आहे ते सांगत असते. एकेक सर्किट बंद करत ती गळती शोधा.

‘रबरी चप्पल, कोरडी काठी, कुठलीही तार’

२३० व्होल्टला, मेन बंद करणं शक्यच नसेल तर, कोरडा बांबू किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून माणसाला तारेपासून ढकलता येतं. ११ हजारांना हे लागू नाही. काठीत मुरलेली ओल आणि झिजलेली चप्पल तिथं पुरत नाही. पाहणाऱ्याला कोरडी वाटणारी काठी विजेला कोरडी नसते. तार जमिनीवर पडली असेल तर किमान १० मीटर लांब राहा, गुरांनाही लांब ठेवा. तारेभोवतीच्या जमिनीवर व्होल्टेज पसरलेलं असतं. एक पाऊल जवळ आणि एक लांब पडलं की दोन पायांतल्या फरकानं शॉक लागतो. तिथं सापडलात तर पाय जोडून, न उचलता, घसटत मागे या. वीज कंपनीला १९१२ वर कळवा आणि लाइन बंद केल्याचा निरोप मिळेपर्यंत जखमीजवळ जाऊ नका. हे सांगणं कठीण जातं, कारण समोर आपलाच माणूस पडलेला असतो. लाइन ट्रिप झाली तरी सबस्टेशनमधून ती पुन्हा चार्ज करून पाहतात, त्यामुळे मेलेली दिसणारी तार मिनिटाभरात जिवंत होऊ शकते.

डीपीवर चढणाऱ्यांसाठी: एबी स्विच (डीपीची ११ हजारांची लाइन तोडायचा स्विच) उघडला तरी त्याच्या लाइनकडच्या बाजूला ११ हजार असतातच. आणि एखादं ब्लेड नीट उघडलं नाही तर डीओ फ्यूजवरही. गावातला कुणी ‘मला जमतं’ म्हणून वर चढत असेल तर त्याला खाली उतरवा.

रेल्वेच्या तारेला तर हात लावावाही लागत नाही. २५ हजार व्होल्ट हवेतून काही सेंटिमीटर उडी मारतात, म्हणून २ मीटरचं अंतर सांगितलं आहे. मुंबईच्या लोकलची जुनी १५०० व्होल्ट डीसीची तार आता २५ हजार एसीची झाली आहे. डब्याच्या टपावर मोबाइल उंचावणाऱ्या मुलांच्या अंगावरून ठिणगीचा लोळ जातो आणि कपडे पेट घेतात.

‘घरी आला म्हणजे संपलं’

विजेच्या धक्क्यानंतर मोतीबिंदू महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी येतो, विशेषतः संपर्क डोक्याशी किंवा मानेशी झाला असेल तर. डोळे सुरुवातीला एकदा आणि नंतर ठरावीक अंतरानं तपासून घ्यावेत. हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, विसराळूपणा, झोप मोडणं, तारेजवळ जाताच घाम फुटणं या तक्रारी लो व्होल्टेजच्या रुग्णांतही दिसतात. ‘एवढ्याशा शॉकनं असं होतं का?’ म्हणून त्यांची बोळवण करू नये.

आणि लहान मुलं. रांगतं मूल चार्जरची किंवा एक्स्टेन्शनची वायर चावतं, ओठाच्या कोपऱ्यात पांढुरकी-काळी खपली येते, मूल दूध पितं, हसतं, आईवडील निश्चिंत होतात. साधारण ५ ते १४ दिवसांत ती खपली सुटते आणि तिच्याखालची ओठाची धमनी उघडी पडू शकते. रक्त एकदम आणि भरपूर येतं, बरेचदा रात्री झोपेत. अशा वेळी अंगठा तोंडाच्या आतून आणि बोट बाहेरून, ओठाचा तो कोपरा दोन्हींमध्ये घट्ट दाबून धरायचा, मुलाला पुढं झुकतं ठेवायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पकड सोडायची नाही.